कंचेभागुबेव ही कोणाची आज्ञा?

२०१९ च्या जुलैअखेर समाजमाध्यमांवर गणिताची एक ओळ फिरू लागली: ८ ÷ २(२ + २). कोणी म्हणालं १६, कोणी म्हणालं १, आणि बघता बघता दोन तट पडले. दोन्हीकडे इंजिनिअर होते, शिक्षक होते, आणि शाळेत आपल्याला नेमकं काय शिकवलं होतं ते शपथेवर सांगणारे तर पैशाला पासरी. शेवटी स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्यासारख्या नामवंत गणितज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला.

वाद कसला, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. कंस आधी सोडवायचा याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. आत ४ येतात. मग उरतं ८ ÷ २ × ४. डावीकडून उजवीकडे गेलं तर ८ भागिले २ म्हणजे ४, गुणिले ४ म्हणजे १६. पण मूळ ओळीत २ आणि कंस यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्हच नाही, दोघं एकमेकांना चिकटून बसले आहेत. ते मिळून एकच पद धरलं, तर ८ भागिले ८, उत्तर १. हे दुसरं वाचन अडाणीपणाचं म्हणता येत नाही. बीजगणितात ८ ÷ २क्ष असं दिसलं की बहुतेक जण २क्ष हे एकच पद समजून भागतात. आधी २ ने भागून मग क्षने गुणायचं कोणाच्या मनातही येत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं टीआय-८२ हे गणनयंत्र अशा चिकटलेल्या गुणाकाराला आधी मान देत असे. त्याच घराण्यातलं टीआय-८३ देत नाही. कंपनी एक, ओळ एक, उत्तरं दोन.

भांडणाचा सूर मात्र असा होता की समोरचा माणूस थेट सत्याशी बेइमानी करतो आहे. गणितात मतं नसतात, उत्तर असतं, हे दोन्ही तटांचं ब्रीदवाक्य.

महाराष्ट्रातल्या शाळांत या दुखण्यावरचा उतारा मंत्रासारखा पाठ करून घेतला जातो: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ('चे' म्हणजे '२४ चे एकतृतीयांश' यातला चे.) इंग्रजी माध्यमातली मुलं 'बॉडमास' घोकतात. मंत्र कामाचा आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर, असं त्याच्या शब्दाला धरून चालणारं पोर १० − ४ + ३ मध्ये आधी ४ आणि ३ मिळवतं आणि उत्तर ३ आणतं. बरोबर उत्तर ९ आहे, कारण बेरीज-वजाबाकी एकाच पंगतीला बसतात आणि वाढणं डावीकडून होतं. दुसरा खड्डा मोठा. घातांकाला मंत्रात जागाच नाही. २ गुणिले ३ चा वर्ग १८ की ३६, यावर कंचेभागुबेव मौन पाळतो.

सातवी-आठवीच्या वयात तीन गोष्टी मुलांच्या पदरात पडतात. क्रिया कोणत्या क्रमाने करायच्या. शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. आणि जी संख्या माहीत नाही तिला क्ष म्हणा. तिन्ही फळ्यावर त्याच खडूने लिहिल्या जातात आणि तिन्हींना 'का?' म्हणून विचारलं तर बहुधा 'नियम आहे' एवढंच ऐकायला मिळतं. नियम कोणाचा, हा पुढचा प्रश्न गणिताच्या तासाला सहसा निघत नाही. आपल्याकडे तो निघाला यज्ञाच्या निमित्ताने, आणि तिथे त्याचा कीस पाडला गेला.

वैदिक वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं म्हणणं असं की वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही, माणूस नाही आणि ईश्वरही नाही. म्हणून कर्त्याच्या चुका त्यांत शिरण्याचा प्रश्न येत नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, नैयायिकांना, हे पटेना. वाक्य आहे तर बोलणारा हवा, आणि वेदांचा बोलणारा ईश्वर, हे त्यांचं उत्तर. वेदांबद्दल ज्याने त्याने हवं ते मानावं. पण पौरुषेय की अपौरुषेय, ही कसोटी सातवीच्या गणिताला लावली तर मौज येते, कारण त्या तीन नियमांची उत्तरं तीन तऱ्हांची निघतात.

आधी क्रमाचं बघू. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रमालाच वाहिलेला आहे. यज्ञात शेकडो कृती असतात आणि वैदिक वाक्यं त्या सांगून मोकळी होतात. आधी कुठली आणि मग कुठली, हे ठरवायचं कसं? एक प्रसिद्ध उदाहरण अग्निहोत्राचं आहे. तिथे होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पातळ पेज, शिजवण्याचं नंतर. वाचत जाऊ तसं करत गेलं तर आधी होम, मग स्वयंपाक. पण होमात द्यायची ती पेजच! ती चुलीवर चढलीच नसेल तर अग्नीत टाकणार काय? म्हणून इथे अर्थक्रम पाठक्रमावर मात करतो, असा निवाडा झाला. क्रम ठरवणारी अशी सहा प्रमाणं मीमांसकांनी मानली, श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती, आणि त्यांच्यातच जुंपली तर आधीचं बलवत्तर, हेही सांगून ठेवलं. या शास्त्राचा पसारा केवढा, याची कल्पना हवी असेल त्याने वाईच्या केवलानंद सरस्वतींच्या मीमांसाकोशाचे सात खंड नुसते चाळावेत.

पदावली सोडवणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. 'अमुक करून मग तमुक करावं' असं स्पष्ट सांगितलं असेल तर तो श्रुतिक्रम, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. पदावलीत हे काम कंस करतो. दुसरं काही प्रमाण नसेल तर लिहिलंय तसं करत जायचं, हा पाठक्रम. भागाकार-गुणाकार डावीकडून उजवीकडे करतात तो हाच. आणि ४० रुपयांच्या ३ वह्या व १० रुपयांची २ पेनं, असा हिशेब ३ × ४० + २ × १० असा मांडला, तर गुणाकार आधी का, हे दुकानदाराला कोणी शिकवावं लागत नाही. वह्यांचे रुपये आणि पेनांचे रुपये हाती आल्याखेरीज बेरीज कशाची करणार? हा अर्थक्रम.

इथपर्यंत जोडी छान जमते. पण यज्ञातला क्रम चुकला तर कर्माला वैगुण्य येतं, असं मीमांसक मानतात. पदावलीचा क्रम उद्या सगळ्यांनी मिळून उलटा केला, आधी बेरीज-वजाबाकी आणि मग गुणाकार-भागाकार, तर गणिताच्या केसालाही धक्का लागणार नाही. वह्या-पेनांचा हिशेब (३ × ४०) + (२ × १०) असा कंस घालून लिहावा लागेल, बस्स. रुपये १४० च होतील. बहुपदी कंसांनी बुजबुजून जातील आणि छापखान्यांचं काम वाढेल, एवढाच तोटा.

क्रमाचा नियमच नको असेल तर तशीही सोय आहे. यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये क्रियेचं चिन्ह राशींच्या आधी लिहायची पद्धत काढली. तीत कंस लागत नाहीत आणि आधी कुठली क्रिया हा प्रश्नही पडत नाही. तिचंच उलटं रूप, आधी राशी आणि मग चिन्ह, ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या गणनयंत्रात १९७२ मध्ये आलं. ३ घ्या, ४० घ्या, गुणा, २ घ्या, १० घ्या, गुणा, मिळवा. कंचेभागुबेवचं नावही नको.

उलट जिथे करार हवा तिथे तो सगळीकडे एकच आहे असंही नाही. एक्सेलमध्ये −२^२ मागितलं तर ४ येतात. पायथॉन ही संगणकभाषा त्याच राशीचं −४ देते. २^३^२ एक्सेल ६४ सांगतं, कारण ते आधी २ चा घन करून मग त्याचा वर्ग करतं. पायथॉन वरून खाली येतं, ३ चा वर्ग ९, २ चा नववा घात ५१२. दोघंही आपापल्या कराराला जागतात. तेव्हा क्रियांचा क्रम पौरुषेय, आणि तोही असा की त्याच्या पौरुषेयत्वाची जाहीर कबुली वर्गात दिली तर बिघडणार काही नाही. मुलं उलट निर्धास्त होतील.

घातांकाकडे वळलं की पाय इतक्या सहज मोकळा होत नाही.

घातांक संख्येच्या उजव्या खांद्यावर बारीक अक्षरात लिहिण्याची आजची रीत रूढ झाली ती रेने देकार्तच्या १६३७ च्या 'ला जिओमेत्री' या ग्रंथामुळे. ज्ञात राशींना वर्णमालेच्या सुरुवातीची अक्षरं आणि अज्ञातांना शेवटची, हाही त्याचाच पायंडा. (वर्ग लिहिताना मात्र हा गृहस्थ बहुधा तेच अक्षर दोनदा लिही.) चिन्हांचे करार घडवणाऱ्या या माणसाचं गणिती सत्यांबद्दलचं मत विलक्षण धाडसी होतं. मर्सेन या धर्मगुरू मित्राला १५ एप्रिल १६३० रोजी लिहिलेल्या पत्रात त्याने अशी भूमिका घेतली की राजा आपल्या राज्यात कायदे लावतो तशी गणिताची चिरंतन सत्यं ईश्वराने लावून दिली आहेत. म्हणजे ईश्वराने मनात आणलं असतं तर ती वेगळीही असती. लायब्निझने १६८६ मध्ये याला हरकत घेतली. त्याच्या मते ही सत्यं ईश्वराच्या इच्छेतून येत नाहीत, त्याच्या बुद्धीतून येतात. त्यांच्यावर हुकूम चालत नाही. देकार्तचं म्हणणं मान्य केलं तर सगळं गणित कंचेभागुबेव होऊन बसतं, फक्त करार करणारा तेवढा फार मोठा.

कोण बरोबर, हे ठरवायला घातांकांइतकं चांगलं मैदान नाही, आणि त्यातलं एक उदाहरण जैन आगमात आहे.

अनुयोगद्वारसूत्रात माणसांची किमान संख्या किती, याची चर्चा येते. ती संख्या अनेक वाटांनी सांगितली आहे: एक, ती २९ स्थानं व्यापते, दोन, २ चा सहावा वर्ग आणि पाचवा वर्ग यांच्या गुणाकाराएवढी ती आहे, तीन, ती ९६ वेळा निम्मी करता येते. पाचवा वर्ग म्हणजे काय, ते करून पाहावं. २ चा वर्ग ४, हा पहिला. ४ चा वर्ग १६, दुसरा. मग २५६, मग ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६ हा पाचवा. आजच्या भाषेत हा २ चा ३२ वा घात. सहावा म्हणजे ६४ वा घात. दोन्हींचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, ६४ अधिक ३२ म्हणजे ९६. आणि २ चा ९६ वा घात खरोखरच २९ अंकी येतो. ७९२ ने सुरू होतो आणि ३३६ ने संपतो.

आता या विधानाचे दोन भाग वेगळे काढून पाहावेत. जगात माणसं किमान इतकी आहेत, हा सिद्धान्ताचा भाग. तो ज्याला आगम प्रमाण आहे त्याच्यासाठी. कोणी शिरगणती केली नव्हती आणि आज पृथ्वीवर आपण ८०० कोटींच्या आसपास आहोत, म्हणजे दहा अंकी. पण ६४ वा घात गुणिले ३२ वा घात बरोबर ९६ वा घात, आणि तो २९ स्थानं व्यापतो, हा भाग जैनाला, वैदिकाला, चार्वाकाला सारखाच मान्य करावा लागतो. तो नाकारायची सोय कोणत्याच पंथात नाही. श्रद्धा आणि हिशेब एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले इतके स्पष्ट क्वचित दिसतात.

ही विद्या पुढे किती लांब गेली, ते वीरसेनाचार्यांच्या धवला या टीकेत दिसतं. षट्खंडागम या जैन ग्रंथावरची ही टीका ८१६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या ताडपत्रावरच्या पोथ्या कर्नाटकातल्या मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवल्या होत्या. छापून निघायला सुरुवात झाली ती १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून, हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली. एखादी संख्या कितीदा निम्मी करता येते, त्याला तिचे अर्धच्छेद म्हणतात. ८ चे अर्धच्छेद ३, ३२ चे ५. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोघांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम तिथे आहे. आणि संख्येला तिच्याच घातावर चढवण्याची 'वर्गितसंवर्गित' नावाची क्रियाही आहे. २ वर ती एकदा केली की ४. पुन्हा केली, ४ चा चौथा घात, २५६. तिसऱ्यांदा केली की २५६ चा २५६ वा घात, आणि ही संख्या ६१७ अंकी भरते. तीन पावलांत माणूस २ वरून जिथे पोचतो तिथे मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं. असंख्यात आणि अनंत यांचे थर लावण्यासाठी या आचार्यांना अशा शिड्या हव्या होत्या.

मग शून्यावा घात. २ चा तिसरा घात ८, दुसरा ४, पहिला २. दर पावलाला निम्मं. पुढचं पाऊल १. अर्धच्छेदांनी पाहिलं तरी तेच, १ चे अर्धच्छेद शून्य. नीकोला शुके या फ्रेंच माणसाने १४८४ मध्येच शून्य आणि ऋण घातांक वापरले होते, पण त्याचं हस्तलिखित छापलं गेलं १८८० मध्ये, म्हणून त्या कल्पनेला आणखी हेलपाटे घालावे लागले.

वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर म्हणेल, निम्मं-निम्मं ठीक आहे, पण २ शून्य वेळा घेतला तर हातात काहीच नाही. उत्तर ० का नको? या पोराला गप्प बसवू नये, त्याचं ऐकून बघावं. समजा २ चा शून्यावा घात ०. आता २ चा तिसरा घात आणि शून्यावा घात यांचा गुणाकार करायचा. घातांकांची बेरीज ३ अधिक ०, म्हणजे उत्तर २ चा तिसरा घात, ८. पण प्रत्यक्ष गुणाकार ८ गुणिले ०, म्हणजे ०. तेव्हा ८ बरोबर ०. एवढं मोल देऊन शून्य विकत घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं! घातांकांच्या बेरजेचा नियम हवा असेल तर १ शिवाय दुसरं काही चालत नाही.

इथे पौरुषेय-अपौरुषेय ही विभागणीच जरा अवघडते. 'शून्यावा घात' हा प्रकार कोणा ना कोणा माणसाने काढला. निसर्गात तो कोणाला पडलेला सापडला नव्हता. पहिलं पाऊल माणसाचं. पण ते टाकल्यावर पुढचं कुठे पडणार, हे त्याला कोणी विचारत नाही. देकार्तच्या राजाने कायदा केला असेलही, पण पहिल्या कलमाबरोबर दुसरं कलम आपोआप लिहिलं जात असेल तर त्या राजाची सत्ता फार तर पहिल्या कलमापुरती. लायब्निझचं पारडं इथे जड होतं.

तेही पूर्णपणे नाही, कारण शून्याचा शून्यावा घात आहेच. एका बाजूने नियम ओढतो की कोणाचाही शून्यावा घात १. दुसऱ्या बाजूने ओढतो की शून्याचा कुठलाही घात ०. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये ही राशी अनिश्चित रूपांच्या यादीत टाकली. संगणकशास्त्रातले मातब्बर डोनाल्ड क्नुथ यांनी १९९२ मध्ये ठासून सांगितलं की ती १ च धरली पाहिजे. पायथॉन १ देतं, एक्सेल चूक दाखवून हात वर करतं. इथे परत करार लागतो, आणि तो कशासाठी गणित करता यावर ठरतो. दोन वाक्यं समोरासमोर उभी राहिली की मीमांसक विचारत, प्रकरण कोणतं? गणितज्ञालाही तेच विचारावं लागतं.

आता तिसरी गोष्ट, क्ष. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं, माहीत असल्यासारखं वागवायचं, त्याचा वर्ग करायचा, त्यातून ५ वजा करायचे, आणि शेवटी त्याच्याकडूनच त्याचा पत्ता काढून घ्यायचा. विचार केला तर हा उद्योग धाडसाचाच आहे.

बगदादमध्ये खलिफा अल-मामूनच्या काळात, नवव्या शतकात, अल-ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथात हा उद्योग शास्त्र म्हणून मांडला, त्याचा जवळजवळ अर्धा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे. इस्लामी कायद्यात वारसांचे हिस्से धर्माने ठरवून दिलेले. एक मुलगा आणि एक मुलगी एवढेच वारस असतील तर मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलीचा वाटा क्ष धरला, मुलाचा २क्ष, मिळून ३क्ष म्हणजे सगळी मालमत्ता. दुप्पट का, याचं उत्तर धर्मग्रंथात. ३ने भागायचं का, याचं उत्तर तिथे नाही आणि तिथे ते कोणी शोधतही नाही.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी या अज्ञातांची रंगपंचमी केली होती. पहिल्या अज्ञाताला ते यावत्-तावत् म्हणतात. त्यापुढचे कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना या, का, नी, पी, लो अशी आद्याक्षरं. ज्ञात संख्येला रू. ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. 'बीजगणित'चा मंगलश्लोक त्यांनी असा रचला आहे की तोच नमस्कार सांख्यांच्या मूळ प्रकृतीला, ईश्वराला आणि अव्यक्ताच्या गणिताला, तिघांनाही एकदम पोचतो. ही निव्वळ शब्दांची कसरत समजणं अन्यायाचं होईल. कारण पुढे शून्याने भागलेल्या राशीची गोष्ट निघते, तिला ते खहर म्हणतात, तेव्हा त्यांना पुन्हा देवच आठवतो: खहरात काही मिळवा, काही वजा करा, ती बदलत नाही, जसा प्रलयात भूतगण आत शिरले किंवा सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी अच्युत बदलत नाही. आजचा गणितज्ञ इथे मान हलवेल. शून्याने भागाकार त्याच्या राज्यात निषिद्ध आहे. पण अव्यक्ताला हाताळणाऱ्या माणसाला अनंत आणि ईश्वर एका दमात का सुचावेत, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत. त्यांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटणला मठ स्थापन केला. त्याला दिलेल्या दानांचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

अज्ञात चिन्हाचा देवाधर्माशी असलेला हा संबंध युरोपात उघड वकिली करून मांडला तो जॉर्ज बर्कली या आयरिश धर्मगुरूने. १७३२ च्या 'अल्सिफ्रॉन' या संवादग्रंथात तो नास्तिकांना तोंड देतो. त्यांचा आरोप असा की ईश्वराची 'कृपा' वगैरे शब्दांमागे कोणतीच स्पष्ट कल्पना नाही, मग त्यांना अर्थ कसला? बर्कली म्हणतो, ऋण वर्गाच्या मुळामागे तरी कुठे कल्पना उभी राहते? तरी बीजगणिती ते चिन्ह वापरतात आणि त्यांचं काम होतं. चिन्हाने दर वेळी डोळ्यांपुढे वस्तू आणलीच पाहिजे असं नाही, वागण्याला वळण लावलं तरी पुरे. युक्तिवाद चलाख आहे आणि गणिताच्या बाजूने तो बराचसा खराही आहे. क्ष म्हणजे काय असं विचारण्यापेक्षा क्षला काय काय करता येतं असं विचारणं केव्हाही फायद्याचं. धर्माच्या बाजूने तो लंगडतो. क्षची किंमत आली की ती मूळ समीकरणात घालून ताळा पाहता येतो, आणि चुकली असेल तर समीकरण तोंडावर सांगतं. कृपेचा ताळा कुठे पाहायचा, हे बर्कलीने सांगितलेलं नाही.

दोनच वर्षांनी, १७३४ मध्ये, 'द ॲनालिस्ट' लिहून बर्कलीने गणितज्ञांना उलट बाजूने गाठलं. न्यूटनची मंडळी बारीकशी वाढ धरतात, ती शून्य नाही म्हणून तिने भागतात, आणि भागून झालं की ती शून्य आहे म्हणून टाकून देतात. आधी भागाकार, मग शून्य. क्रम उलटा केला, आधी शून्य मानलं आणि मग भागू गेलं, तर सगळा डोलारा कोसळतो. मग हा क्रम कोणी ठरवला, आणि कुठल्या अधिकाराने? श्रद्धेची थट्टा करणाऱ्या गणितज्ञांनी स्वतः किती गूढ गिळलं आहे, हे त्याला दाखवायचं होतं. ही हरकत बिनतोड होती. मर्यादेची काटेकोर व्याख्या होईपर्यंत तिला सरळ उत्तर मिळालं नाही.

त्याच्या जवळजवळ ६०० वर्षं आधी, 'लीलावती'त, भास्कराचार्यांनी एक उदाहरण घातलं आहे. एका राशीला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, त्याला ३ने गुणलं, मग शून्याने भागलं, तर ६३ आले, राशी कोणती? सांगितलेल्या क्रमाने निघालं तर पहिल्याच पायरीला सगळं शून्य होतं, शेवटी शून्य भागिले शून्य उरतं आणि उत्तराचा मागमूस राहत नाही. भास्कराचार्यांचा नियम वेगळा आहे: पुढे आणखी क्रिया बाकी असतील तर शून्याचा गुणाकार लगेच उरकायचा नाही. राशीला शून्य गुणक आहे एवढं लक्षात ठेवून पुढे जायचं. नंतर भाजकही शून्य आला तर दोन्ही शून्यं परस्पर जातात आणि राशी होती तशी राहते. आता क्ष आणि त्याचं अर्ध म्हणजे दीड क्ष, त्याची तिप्पट साडेचार क्ष, ती ६३. क्ष बरोबर १४.

आजच्या परीक्षकाच्या हाती हे उत्तर पडलं तर गुण मिळणार नाहीत. १४ घालून पायरी-पायरीने ताळा पाहिला तर ६३ येत नाहीत, आणि ज्या करारात ते येतात तो आज कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. तरीही हे उदाहरण म्हणजे नुसता खेळ असेल असं मानणं कठीण जातं. 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची दिवसभराची गती सोडून त्या क्षणाची, तात्कालिक गती त्यांनी विचारात घेतली आहे, आणि तिथे नाहीशा होत जाणाऱ्या राशींशी गाठ पडतेच. उदाहरण सोडवून झाल्यावर या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, एवढी नोंद करून भास्कराचार्य पुढच्या प्रकरणाकडे वळले आहेत.